येवल्याची पैठणी : माग, प्रदर्शने आणि विणकराचे नाव

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक अंकात पूर्वजांच्या पराक्रमाचे व दानधर्माचे लेख नेहमी येतात. ते यावयास हवेतच. परंतु ज्या कसबावर पिढ्यानुपिढ्या आपली चूल पेटली, त्या विणकामाचा इतिहास मात्र आपण क्वचितच लिहितो. साळी म्हणून आपली ओळख मागामुळे झाली. असे असता मुलांना घराण्याची वंशावळ पाठ असते आणि आजोबांच्या हातचे एकही वस्त्र ओळखता येत नाही, ही स्थिती आम्हांस खटकते. म्हणून यंदा नाशिक जिल्ह्यातील येवले व तेथील पैठणी हा विषय आम्ही निवडला आहे. पैठणीची निव्वळ स्तुती करण्याचा आमचा हेतू नाही. ही कला कोणी आणली, कोणी राखली, लोकांसमोर ती कशी मांडली गेली आणि त्या मांडणीत विणकराला काय मिळाले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

गाव आणि पेठ

येवले हे नाशिकच्या पूर्वेस, मनमाड व अहिल्यानगर यांच्यामधील रस्त्यावर वसलेले गाव. मोगल अमलात ते वसले, पुढे साताऱ्याच्या छत्रपतींकडे व नंतर पेशव्यांकडे आले, आणि माधवराव पेशव्यांनी ते विंचूरकरांचे पूर्वज विठ्ठल शिवदेव यांस दिले. १८५७ च्या संग्रामातील सेनानी तात्या टोपे यांचा जन्म १८१४ साली येथलाच. परंतु गावाचे नाव दूरवर गेले ते रेशमामुळे.

१८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात या धंद्याची जी हकिकत आहे तिचा सारांश असा : गावच्या पाटलांचे पूर्वज रघोजी नाईक यांनी शामदास वालजी नावाच्या गुजराती व्यापाऱ्यास येवल्यास आणले व त्याच्यामार्फत रेशमाचे कारागीर येथे वसविले. या बदल्यात धंद्याचे विशेष हक्क त्यास देण्यात आले. बाहेरून येणाऱ्या कारागिराला येथे मोकळेपणी रेशीमधंदा करण्याची मुभा नव्हती. ही मक्तेदारी दीर्घकाळ टिकली आणि एकोणिसाव्या शतकात न्यायालयाच्या निकालाने मोडली.

या हकिकतीतील दोन गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, येवल्याची कला आपोआप उगवलेली नाही. कोणीतरी जमीन दिली, कोणीतरी भांडवल घातले, कोणीतरी घरदार सोडून माग खांद्यावर घेऊन आले, तेव्हा पेठ उभी राहिली. दुसरी ही की, आरंभी जे कुंपण कारागिरांना स्थिर करण्यासाठी घातले, तेच पुढे नव्या कारागिराला अडवू लागले. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही लेखाच्या शेवटी परत येऊ.

येवल्यात माग चालविणारे एकाच ज्ञातीचे नव्हते. खत्री, साळी, कोष्टी, पटवी आणि मोमीन अशा अनेक समाजांचे हात या रेशमावर पडले आहेत. तेव्हा ‘पैठणी आमची’ असे कोणाही एका ज्ञातीने म्हणावयाचे झाल्यास इतरांच्या श्रमांवर पाणी टाकावे लागेल. आम्ही तसे म्हणणार नाही. पैठणीत आमचाही वाटा आहे, एवढे म्हणणे खरेही आहे आणि पुरेसेही आहे.

पैठण ते येवले

पैठणीचे नाव पैठणवरून पडले हे सर्वश्रुत आहे. गोदातीरीचे हे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. पैठणी दोन हजार वर्षांची असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. येथे थोडी सावधगिरी हवी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, म्हणजे ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणचा उल्लेख आहे. मात्र तेथून भडोच बंदराकडे मौल्यवान दगड जात आणि कापड जाई ते तगर, म्हणजे आजचे तेर येथून, असे तो लेखक सांगतो. यावरून मराठवाड्यातील वस्त्रव्यापार दोन सहस्र वर्षांचा आहे हे सिद्ध होते. आज आपण जिला पैठणी म्हणतो ती तेव्हा विणली जात होती, हे सिद्ध होत नाही. आपल्या कलेचे खरे वैभव एवढे मोठे आहे की, तिला न सापडलेल्या पुराव्याचा आधार देण्याची गरज नाही.

पेशवाईत मात्र पैठणीचे पाऊल स्पष्ट दिसते. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणच्या वस्त्रांची मागणी येते. आसावली नक्षीचे दुपट्टे लाल, हिरव्या, केशरी, डाळिंबी अशा रंगांत पाठवावेत, अशा तऱ्हेच्या आज्ञा माधवराव पेशव्यांच्या काळातील आहेत. पुढे पैठण निजामाच्या राज्यात होते तेव्हा हैदराबादच्या राजघराण्याचा आश्रय या वस्त्राला लाभला. राजघराण्यातील निलोफर बेगम यांनी काठपदरात नवी नक्षी आणविली असे सांगतात.

राजाश्रय सरला तसे पैठणचे माग कमी होत गेले आणि धंद्याचा भार येवल्यावर आला. येवल्याची पैठणी दरबारासाठीच नव्हती. तेथे पीतांबर, लुगडी, फेटे, खण यांची पेठ होती, आणि मराठी घरातील लग्न हे तिचे मुख्य गिऱ्हाईक होते. कच्चे रेशीम चीन व बंगालमधून मुंबईमार्गे येई. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर ही ने-आण सुलभ झाली, आणि त्याच गाडीने गिरणीचे स्वस्त कापडही आले.

पदर कसा उतरतो

आता प्रत्यक्ष विणकामाकडे वळू. ज्या घरांतून माग जाऊन दोन पिढ्या झाल्या, त्या घरांतील तरुणांसाठी ही माहिती थोडी विस्ताराने देत आहोत.

रेशमाच्या लडी प्रथम खारवून त्यांतील डिंकासारखा अंश काढतात. मग रंगणी होते. रंगलेले रेशीम असारीवर चढवून राहाटाच्या साहाय्याने कांड्यांवर घेतात. येवल्यात संक्रांतीला पतंग उडविणारी मुले मांजा गुंडाळण्यासाठी जी बांबूची असारी वापरतात, ती विणकराच्या याच असारीची बहीण होय. नंतर ताणा तयार करून तो मागावर चढवितात. हजारो धाग्यांपैकी प्रत्येक धागा जुन्या ताण्याच्या टोकाशी हाताने सांधावा लागतो. हे झाले म्हणजे विणकर खड्ड्यात पावड्यांवर पाय ठेवून बसतो आणि धोटा चालू लागतो.

येथवरचे काम कोणत्याही रेशमी लुगड्याचे असते. पैठणीचे वेगळेपण काठात व पदरात आहे. सामान्य कापडात बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातो. पैठणीच्या पदरात तो तसा जात नाही. जरीच्या भूमीवर मोराचा गळा निळा हवा असेल, तर त्या गळ्यापुरता निळा धागा एका लहान तिल्लीवरून येतो, गळ्याच्या कडेला शेजारच्या धाग्यात अडकतो आणि तेथूनच मागे फिरतो. पंख हिरवे असतील तर त्यांच्यासाठी दुसरी तिल्ली, चोचीसाठी तिसरी. एका ओळीत अनेक तिल्ल्या एकामागून एक फिरवाव्या लागतात, आणि इतके करून कापड सुतभर पुढे सरकते. ही नक्षी यंत्राच्या छिद्रांनी उठत नाही. ताण्याचे धागे बोटांनी मोजून ती उतरवितात.

याचा परिणाम असा की, खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागील बाजूस लोंबते धागे नसतात, कारण कोणताही धागा आपले काम सोडून मागून पुढे गेलेला नसतो. जरीच्या सोनेरी भूमीवर रेशमाचे रंग असे बसतात की, दागिन्यावरील मीनाकामाची आठवण व्हावी.

नक्षीची नावे ऐकली तरी डोळ्यांपुढे बाग उभी राहते. आसावलीची फुलवेल, बांगडीमोर, मुनिया म्हणजे पोपटाची जोडी, कमळ, कुयरी, अक्रोटी, काठावरची नारळी. रंगांची नावेही तशीच रसाळ आहेत. काळ्या अंगाची व लाल काठाची ती काळी चंद्रकळा, पोपटी ती राघू, शुभ्र ती शिरोदक. त्यांखेरीज अबोली, वांगी, पोफळी, मोतिया आहेतच. ही सारी नावे विणकरांच्या व लुगडी नेसणाऱ्या स्त्रियांच्या रोजच्या बोलण्यातून आली आहेत. शांता शेळके यांनी ‘पैठणी’ ही कविता लिहिली तेव्हा त्यांच्या कवितेत आजीचे सारे आयुष्य एका वस्त्रात साठलेले दिसले, हे आपणांपैकी पुष्कळांनी वाचले असेलच.

साधा पदर असेल तर महिन्याभरात पैठणी मागावरून उतरते. भरगच्च पदर व अंगभर नक्षी असेल तर सहा महिने, वर्ष, कधी दीड वर्षही लागते. आणि हे काम एकट्याचे नव्हे. लडी उकलणे, कांड्या भरणे, तुटका धागा सांधणे ही कामे घरातील स्त्रिया व वृद्ध माणसे करीत आली. गिऱ्हाईक विणकराला मजुरी देई. राहाटावर बसलेल्या गृहिणीची मजुरी त्यातच धरली जाई, म्हणजे प्रत्यक्षात धरलीच जात नसे. आमच्या ज्ञातीच्या इतिहासात कर्त्या पुरुषांची नावे आहेत. ज्यांच्या बोटांनी पिढ्यान्‌पिढ्या रेशीम उकलले त्या माउलींची नावे नाहीत.

प्रदर्शनात मांडलेले वस्त्र

विणकराचे नाव नाहीसे होण्याची ही गोष्ट घरापुरती नाही. १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्यात हिंदी वस्त्रे पाहून युरोपीय लोक थक्क झाले. त्यानंतर १८६६ साली फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून त्याचे २० संच तयार केले. त्यांपैकी १३ ब्रिटनमध्ये ठेवले आणि ७ हिंदुस्थानात पाठविले. हिंदी लोकांना कोणते कापड आवडते हे तिकडच्या गिरणीवाल्यांना कळावे व त्यांनी तसे कापड काढून येथे विकावे, हा त्यामागील उघड हेतू होता. ज्यांनी ते विणले त्यांचा त्या उद्योगात काही संबंध उरला नाही. फिरते प्रदर्शनच ते. पण ज्याची कला दाखविली त्याच्याच पोटावर पाय देणारे.

पुढे १९०० साली एस. एम. एडवर्ड्‌स यांनी मुंबई इलाख्यातील रेशमी कापडावर पुस्तिका लिहिली. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी जॉर्ज वॅट यांच्या देखरेखीखाली हिंदी कलांचे प्रदर्शन भरले, आणि त्यात परदेशी धर्तीची नक्कल नको, देशी घाटाचेच काम हवे असा आग्रह धरण्यात आला. कौतुकाची दृष्टी बदलत होती. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्यास स्वदेशी चळवळीचा उद्घोष झाला, तेव्हा हातमागाचे कापड हे देशाभिमानाचे चिन्ह झाले. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन पाळला जातो.

स्वातंत्र्यानंतर सरकारी पातळीवर खरी सुरुवात झाली. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले व कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याची धुरा वाहिली. देशभर हिंडून त्यांनी कारागिरांना हुडकून काढले. १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे निघाली; तेथे चित्रकार व विणकर एकत्र बसू लागले. १९६५ साली उत्कृष्ट कारागिरांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, आणि पुढे येवल्याच्या विणकरांनीही ते मिळविले. १९८१ पासूनच्या ‘विश्वकर्मा’ प्रदर्शनांतून हातमागाच्या निवडक कलाकृती देशात व परदेशांत गेल्या. हातमाग व हस्तकला ही दोन्ही अखिल भारतीय मंडळे २०२० साली बंद करण्यात आली, ही नोंदही येथे करावयास हवी. प्रदर्शने व मेळे मात्र चालू राहिले.

पुरस्काराचे मोल रकमेपेक्षा निराळे आहे. त्या पत्रावर विणकराचे नाव असते. शंभर वर्षे ज्याचे काम ‘दक्षिणेकडील रेशमी वस्त्र’ एवढ्याच चिठ्ठीखाली मांडले गेले, त्याचे नाव प्रथमच वस्त्राबरोबर उच्चारले जाऊ लागले. तथापि हे भाग्य थोड्यांच्याच वाट्यास आले. आजही पेठेत पैठणी घेताना दुकानाचे नाव पिशवीवर ठळक असते. ती कोणी विणली हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा, आणि सांगणारा दुकानदार त्याहून विरळा.

कुंपण मोडले तेव्हा

विसाव्या शतकाच्या मध्यास येवल्याची स्थिती खालावली होती. नऊवारी मागे पडत होती, खरी जर महागली होती, आणि यंत्रमागाचे कापड गावोगाव पोहोचले होते. याच जिल्ह्यातील मालेगाव यंत्रमागाचे मोठे केंद्र झाले. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांनी माग मोडून नोकरी धरली. त्यांना दोष देता येणार नाही. ज्या कामाला पोटापुरती मजुरी मिळत नाही ते काम मुलाने करावे, असा आग्रह कोणता बाप धरील?

मग पैठणी जगली कशी? सरकारी महामंडळांनी पैठण व येवले येथे प्रशिक्षण व विक्रीची व्यवस्था केली, हे एक कारण. सहावारी पैठणी आली, हलक्या नक्षीच्या स्वस्त पैठण्या निघाल्या, हे दुसरे. २००४ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणीवरील ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने पैठणीचे नाव सामान्य गृहिणीच्या ओठांवर आणले, हे तिसरे. परंतु आमच्या मते सर्वांत मोठे कारण याहून वेगळे आहे. विणकाम येवल्याच्या जुन्या गल्ल्यांबाहेर पडले. नागडे, वडगाव, बल्हेगाव अशा भोवतालच्या खेड्यांत माग बसले. ज्यांच्या घराण्यात कधी धोटा नव्हता अशा शेतकरी, मजूर व दलित कुटुंबांतील तरुण हे काम शिकले. ज्या स्त्रिया पूर्वी राहाटापुरत्या होत्या, त्या स्वतः मागावर बसून पदर काढू लागल्या.

ज्ञातीच्या अंकात हे लिहिताना काही वाचकांस अवघड वाटेल हे आम्ही जाणतो. ‘आपली विद्या बाहेर गेली’ असा सूर आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, ज्या येवल्यात जन्माने ठरलेल्या धंद्यावर पेठ उभी राहिली, त्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जन्माने लादलेल्या धर्माविषयी आपली ऐतिहासिक घोषणा केली. माणसाचे मोल जन्मावरून ठरू नये, हा त्या घोषणेचा गाभा जर खरा असेल, तर हातातील कसबही जन्मावरून अडवून धरणे योग्य नव्हे. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहा : कुंपण राखले असते तर आज कुंपणाच्या आत रिकामे खड्डे उरले असते. कला शिकविणाऱ्याचे काही जात नाही. उलट त्याला गुरूचे स्थान मिळते.

नक्कल आणि पारख

२०१० च्या सुमारास पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे हे नाव कोणी कोठेही वापरावे यास कायद्याने आळा बसला. हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ हे चिन्ह आहे. त्याही आधी १९८५ च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले गेले. तरीही यंत्रमागावरची ‘पैठणी’ बाजारात उघड मिळते. स्वस्त वस्त्र नेसणे हा अपराध नाही. परंतु ते खरे म्हणून विकणे ही विणकराच्या मजुरीची चोरी आहे.

म्हणून भगिनींनी खरेदी करताना एवढे पाहावे. पदर उलटा करावा. दोन्ही बाजूंस नक्षी सारखी व स्वच्छ असेल तर ते हाताचे काम. मागे धागे लोंबत असतील, कापलेले असतील, किंवा ते झाकण्यासाठी जाळी लावली असेल, तर ते यंत्राचे. दुसरी खूण अशी की, हातच्या कामात एक मोर दुसऱ्या मोरासारखा अगदी तंतोतंत नसतो. हा दोष मानू नये. तेथे एका माणसाने धागे मोजले होते, याची ती साक्ष आहे.

आपण काय करावे

शेवटी ज्ञातिबांधवांस व भगिनींस काही विनंत्या कराव्याशा वाटतात.

पहिली विनंती जुन्या पैठण्यांविषयी. खरी जर असलेली जीर्ण लुगडी जरीवाल्याला विकण्याची व त्याने ती जाळून चांदी-सोने काढण्याची चाल आपल्या घरांतून फार काळ होती. चार पैशांसाठी शे-सव्वाशे वर्षांची नक्षी राख झाली. ज्या घरात असे वस्त्र शिल्लक असेल त्यांनी ते विकण्यापूर्वी निदान पदराचे छायाचित्र काढून ठेवावे. शक्य असेल तर संग्रहालयास द्यावे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थांनी घराघरांतील अशा वस्तू जपूनच आपला इतिहास राखला आहे.

दुसरी विनंती नावांविषयी. आपल्या घरात शेवटचा माग कोणाचा होता, तो कोणत्या गावी, कोणत्या साली थांबला, आणि राहाटावर कोण बसत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे. या अंकातून दरवर्षी अशी एक यादी छापली जावी अशी आमची सूचना आहे. देणगीदारांची यादी आपण छापतोच. तिच्या शेजारी विणकरांची यादी शोभेल.

तिसरी विनंती खरेदीविषयी. लग्नसराईत पैठणी घेताना ‘ही कोणी विणली?’ एवढे विचारावे. दहा जणींनी विचारले तर दुकानदार हसेल. हजार जणींनी विचारले तर तो नाव लिहून ठेवील. प्रदर्शन भरविणाऱ्यांनाही हेच सांगावे की, वस्त्राच्या चिठ्ठीवर गाव व किंमत असते तसेच विणणाराचे व कांड्या भरणारीचे नाव असावे.

आपल्या पूर्वजांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मंगल प्रसंगांसाठी वस्त्रे विणली आणि स्वतः जाडाभरडा पंचा नेसून मागावर बसले. त्यांचे ऋण फेडणे आपल्या हाती नाही. त्यांची व आज येवल्याच्या पंचक्रोशीत मागावर बसलेल्या प्रत्येक ज्ञातीच्या स्त्री-पुरुषांची नावे पुसली जाऊ न देणे एवढे तरी आपल्या हाती आहे.